आरशासमोरच्या तीन जिभा

शुभांगी मॅडमले मी अजून समोरासमोर पाहिलं नाही. मोबाईलच्या काचेतच पाहिलं, तेही पुरं तोंड नाही, नाकापासून हनुवटीपर्यंतच. कारण ती बाई इंग्रजी शिकवायची ते तोंड मोबाईलच्या जवळ आणून. ओठ कसे ठेवायचे, दात कुठी टेकवायचे, जीभ कोणत्या जागी न्यायची. पण माह्या घरावर तिचे जे उपकार आहेत ते या जन्मी फिटणार नाहीत, आणि तिले त्याची धड खबरही नाही. म्हणून ही गोठ सांगून राहिली.

मी भावना. आसगावात ब्लाउज शिवते. समोरच्या खोलीत माही मशीन आहे आणि भिंतीले मोठा आरसा, गिऱ्हाइकीण उभी राहिली का डोक्यापासून पायापर्यंत दिसली पाहिजे असा. नवरा संघपाल, राईस मिलमध्ये मशीनवर आहेत. एकच लेक, हर्षा. नागपूरले नर्स आहे आणि तिले बाहेरच्या देशात नर्स म्हणून जायचं आहे. तिकडं जायले इंग्रजी बोलायची परीक्षा असते. लिहिण्यात पोरगी पक्की, पण बोलण्यात मागच्या खेपेले नापास झाली. म्हणून सुट्टी टाकून घरी आली, आणि रोज संध्याकाळी मोबाईल आरशाले टेकवून शुभांगी मॅडमचा क्लास करू लागली.

पहिल्या दिवशी मले वाटलं पोट्टीले काही झालं. आरशापुढं उभी, तोंडासमोर हात धरलेला, आणि "प्, प्, प्" करून राहिली.

"काहून व, चूल फुंकून राहिली का?"

"आई, इंग्रजीतला प म्हणताना हवेचा झोत हाताले लागला पाहिजे. आपला प कोरडाच निघते."

"माहा प इतकी वर्षं कोरडाच चालला. कोणाचं काही अडलं नाही."

पण खोटं काहून बोलू, मशीन चालवता चालवता माहं ध्यान तिकडंच राहायचं. इंग्रजीत म्हणे व दोन असतात. एकाले वरचे दात खालच्या ओठावर हलके टेकवायचे, दुसऱ्याले दाताचं कामच नाही, शिट्टी मारायले करतो तसे ओठ गोल करायचे. आपण दोघांले एकाच मापाचा ब्लाउज घालतो! झ सारखा एक आवाज असते, तो म्हणताना गळ्यावर बोट ठेवलं का आतून गुणगुण लागते. आणि इंग्रजीतला ट म्हणताना जीभ मागं मुरडायची नाही, वरच्या दातांच्या मागं जो उंचवटा आहे तिथं टेकवायची. माय वो! आमच्या झाडीपट्टीत माणसं डोळ्याले डोरा म्हणून मोकळी होतात, जिभेले कष्ट नको म्हणून. आणि इथं एका ट साठी एवढी मोजमाप.

मॅडमनं एक दिवस सांगितलं, "हर्षा, एकटीनं सराव करू नकोस. घरच्या माणसांना शेजारी उभं कर. दुसऱ्याचं तोंड पाहिलं की आपलं कळतं." झालं! मी आणि तिचे बाबा, दोघंही भरती झालो.

हर्षाचे बाबा मिलमधून यायचे ते गालात खर्रा घेऊनच. खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घोटलेला. आमच्याकडं मांडवात खर्रा, मयतीत खर्रा, पाहुणा आला का पाण्याआधी खर्रा. त्यायचं एक ठरलेलं कारण होतं. "मिलमध्ये भुसा उडते, गळा कोरडा पडते, खर्रा असला का तोंडात ओल राहते." मी किती बोंबलली असन! पण सुंभ जळलं तरी पीळ काही जात नाही.

त्या दिवशी मॅडमनं नवा आवाज शिकवला. थ आणि द च्या मधातलाच, पण आपल्याकडं नसलेला. जिभेचा शेंडा दातांच्या मधात आणायचा, थोडा बाहेर दिसू द्यायचा, आणि वरून हवा सोडायची. हर्षानं केला. मी केला, तोंडाले पदर लावून हसत हसत केला. हर्षाच्या बाबानं खर्रा थुंकला, चूळ भरली, आरशापुढं आले, आणि त्यायच्या तोंडातून निघाला सरळ आपला द.

"जीभ बाहेर काढा, बाबा."

"काढलीच आहे ना."

"कुठी काढली? दातांच्या मागंच आहे."

मी म्हणलं, "अजी, लाजता काय? भांडायच्या वेळेले तं हातभर निघते!"

"आमचं झाडीचं तोंड आहे बापा," ते म्हणाले, "एवढं मोठं इंग्रजी त्यात मावत नाही."

दारात त्यायचा मिलमधला दोस्त भैय्यालाल उभा होता. तो एवढा हसला का त्यायले घ्यायले आला होता हेच विसरला. तेव्हापासून रोजची गंमत झाली. संध्याकाळी क्लास संपला का आम्ही तिघंजण आरशापुढं जिभा काढून उभे. ब्लाउज न्यायले आलेल्या बाया दारातूनच म्हणत, "भावनाबाई, कालीमाय आली का व घरात?" आणि हर्षाचे बाबा रोज द म्हणत, आम्ही रोज हसत. मलेही वाटलं, आपल्या माणसाच्या जिभेले वळणच नाही तिकडचं. काय करता!

पण मी मापाची बाई आहे. फीत न लावताही छातीचं माप सांगते मी, आणि अर्धा इंच इकडं-तिकडं झालं तं मले रात्री झोप येत नाही. एका संध्याकाळी हर्षा म्हणली, "मी म्हणीन तेव्हा तिघंही एकदम." तिघांनी एकदम जिभा काढल्या. मी आरशात पाहिलं. तिची जीभ ओठाच्या बाहेर. माही जीभ ओठाच्या बाहेर. त्यायची जीभ खालच्या दातापाशी येऊन थटली होती, आणि थरथरत होती. माणूस जोर लावून राहिला होता, तरी येत नव्हती. शिलाई आवळली का कापड आत ओढल्या जाते ना, तशी ती आतून ओढलेली होती. आणि तोंडाची फटही आमच्या दोघींच्या निम्मी.

"अजी, तोंड उघडा बरं पुरं."

"उघडलं आहे."

"पुरं म्हणते मी."

"भावना, हेच पुरं आहे."

हर्षाचा चेहरा बदलला. ती आरशातून वळून त्यायच्या समोर आली. "बाबा, आपली तीन बोटं उभी करून तोंडात घाला." त्यायनं घातली. एक गेलं. दुसरं दातात अडकलं. तिसऱ्याची तं गोठच नाही. हर्षानं मोबाईलची बत्ती लावून आत पाहिलं. गालाचं आतलं कातडं पांढरं फटक, बोट लावलं तं ताठ. आणि डाव्या गालात मागच्या बाजूले एक चट्टा.

"बाबा, तिखट लागते का तोंडाले?"

त्यायनं माह्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

मले तेव्हा सगळं कळलं. वर्ष झालं असन, हा माणूस माह्या हातचा रस्सा खाईना. वरण-भात कालवून गिळायचा आणि उठायचा. मी किती भांडली! "कोणाच्या हातचं गोड लागून राहिलं आता?" असं सुद्धा बोलली. आणि या माणसाचं तोंड आतून जळत होतं, तरी सांगितलं नाही. मले त्या घडीले त्यायचा राग आला का त्यायची कीव आली, हे मले आजही सांगता येत नाही. दोन्ही आलं. मी कैची उचलून मशीनवर आपटली आणि रडायले बसली.

हर्षाही रडली. "मी रोज वॉर्डात लोकांची तोंडं उघडून पाहते आई, आणि आपल्या बाबांचं..."

"काखेत कळसा न् गावाले वळसा, असंच असते व," मी म्हणलं. "रोजच्या माणसाचं तोंड कोण पाहते? तुही इंग्रजी घरात आली नसती तं आम्ही म्हातारे होईपर्यंत जीभ काढली नसती एकमेकांपुढं."

आता दवाखाना. तिथंच घोडं अडलं. हर्षाचे बाबा म्हणाले, "मी नाही येत. गेलो का ते कॅन्सरच सांगतात. आपल्या मिलमधला एक जण गेला होता मागं, चालत गेला आणि निजून आला. न गेलेलं बरं." हर्षानं समजावून सांगितलं, का हा रोग आधी तोंड आखडते, आणि वेळेवर दाखवलं नाही तं पुढं काहीही होऊ शकते. मी शिव्या दिल्या, मंग हात जोडले, मंग पुन्हा शिव्या दिल्या. सकाळी उठून हा माणूस खर्ऱ्याची नवी पन्नी खिशात घालून मिलले निघाला! मी दारात आडवी उभी राहिली. म्हणलं, "माह्या अंगावरून जा."

तेवढ्यात भैय्यालाल आला. आमचा तमाशा पाहून म्हणाला, "काय झालं, वहिनी?" मी सांगितलं. तो हसाले लागला. "तीन बोटं? हे काय नवीन? मी याच्याहून जास्त खातो." त्यानं आपली तीन बोटं उभी केली आणि तोंडात घातली. गेली. सरळ गेली, वरून जागा राहिली. तो म्हणाला, "पाहा! काही नसते. कर बे संघपाल."

हर्षाच्या बाबानं केलं. एक बोट गेलं, दुसरं दातात थटलं. ते जोर लावू लागले. डोळ्यात पाणी आलं, तरी लावू लागले. भैय्यालालचं हसू गेलं. त्यानं पुढं होऊन त्यायचा हात धरला, तोंडातून खाली घेतला.

"चाल गा," तो म्हणाला. "आज मिल नाही. मी येतो संगं."

माह्या शिव्यांनी जे झालं नाही ते भैय्यालालचं हसू थांबल्यानं झालं. त्याचेही उपकार आहेतच. जवळच्या पवनीहून आम्ही चौघं एसटीनं नागपूरले गेलो. रस्ताभर भैय्यालालनं खिशातली पन्नी काढली नाही, मी पाहून राहिली होती.

दवाखान्यातली डॉक्टरीण शांत होती. तोंड तपासलं, स्केल लावून माप घेतलं. म्हणाली, "खर्ऱ्यानं गाल आखडले, जीभही आखडली. खर्रा आजपासून बंद केला आणि व्यायाम केला तर तोंड हळूहळू उघडेल. पण हा चट्टा मला तपासायचा आहे. थोडा तुकडा काढावा लागेल. रिपोर्ट आल्यावर कळेल." मंग तिनं विचारलं, "यांनी तर कोणाला सांगितलं नव्हतं. कोणाच्या लक्षात आलं?"

मी म्हणलं, "इंग्रजीच्या."

डॉक्टरीण हर्षाकडं पाहाले लागली. हर्षानं सगळं सांगितलं. तेव्हा ती हसली आणि म्हणाली, "मग तेच सुरू ठेवा. जीभ बाहेर काढायचा यापेक्षा चांगला व्यायाम मी देऊ शकत नाही." आणि तोंड उघडायचा व्यायाम म्हणून आईसक्रीमच्या काड्या दिल्या. एकीवर एक रचून दातांच्या मधात धरायच्या, सोसलं का आणखी एक वाढवायची.

रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस कसे काढले ते मीच जाणते. ब्लाउजले दोनदा उलट्या बाह्या लावल्या. हर्षानं मोबाईल आरशापाशी नेलाच नाही. म्हणली, "मी नाही देत परीक्षा. कुठीच जात नाही." संध्याकाळी हर्षाचे बाबा अंगणात बसले होते, हातात काड्या धरून. तुकडा काढला त्या गालाले टाके होते, म्हणून दातात धरता येत नव्हत्या. एकाएकी त्यायनं काड्या खाली ठेवल्या आणि मले म्हणाले, "भावना, मले भेव लागून राहिलं."

लग्नापासून या माणसाच्या तोंडून मी तो शब्द ऐकला नव्हता. मी जवळ जाऊन बसली. म्हणलं, "मलेही." दुसरं काय म्हणू? खोटा धीर देता येते, पण त्या माणसाले सगळं समजते.

थोड्या वेळानं ते उठले, आत गेले, हर्षाचा मोबाईल घेतला आणि आरशाले टेकवला. "लाव तुह्या मॅडमले."

"बाबा, टाके आहेत तुमचे."

"मी ऐकीन नुसतं. तू बोल. माह्यापायी तुही परीक्षा बुडाली तं मी तोंड उघडूनही काय करू?"

मंग हर्षा रडत रडत क्लासले बसली. त्या दिवशी मॅडमनं ट, ड आणि न एकत्र शिकवले. म्हणली, तिघांची जागा एकच, वरच्या दातांमागचा उंचवटा. न च्या वेळेले हवा नाकातून जाते, एवढाच फरक. जिभेचा शेंडा वर टेकल्याशिवाय न निघतच नाही. आम्ही हर्षाच्या बाजूले उभे होतो. मॅडमले हर्षाचे बाबा दिसले असतीन, ती म्हणली, "सर, छान. तुम्हीही रोज या." सर! राईस मिलच्या माणसाले आजवर कोणी सर म्हणलं नव्हतं. ते टाके सांभाळत हसले. मॅडमले काय ठाऊक, त्या एका शब्दानं आमची ती संध्याकाळ निघाली. दुसऱ्या दिवशी हर्षा आपल्या मनानं आरशापुढं उभी राहिली.

रिपोर्टच्या दिवशी आम्ही तिघंच गेलो. आत एकालेच सोडत होते. हर्षा गेली. मधात काचेचं दार, बंद. बाहेर हीऽ गर्दी, पोरं रडून राहिली, नंबर पुकारून राहिले. मी आणि हर्षाचे बाबा काचेले लागून उभे. आत डॉक्टरीण बोलत होती, हर्षानं कागद हातात घेतला आणि मान खाली घालून वाचू लागली. कितीक वेळ वाचत राहिली. हर्षाच्या बाबानं काचेवर हात ठेवला होता, तो घामानं निसटून राहिला होता.

मंग हर्षानं मान वर केली. डोळे भरलेले. आता भरलेले डोळे तं कशानंही भरतात, त्यावरून काय समजायचं? तिनं आमच्याकडं पाहिलं आणि काचेतूनच काही बोलली. आवाज काही आला नाही.

मी डोळे पाहिलेच नाहीत. मी तोंड पाहिलं. आहे म्हणायले जिभेले काही काम नसते. तोंड उघडलं, हवा सोडली, झालं. मी दुसरं काही पाहत नव्हती. माह्या लेकीचे ओठ उघडले, आणि आत जिभेचा शेंडा वर गेला, वरच्या दातांच्या मागं जाऊन टेकला. एकदा. मंग पुन्हा एकदा.

"नाही म्हणून राहिली ती," मी म्हणलं.

"कशावरून? आवाज तं नाही आला."

"जीभ वर टेकली जी! मी पाहिली. दोनदा टेकली. तुम्हाले ते नाही आहे! नाही आहे!"

ते माह्याकडं पाहत राहिले. मंग तिथंच, काचेले पाठ लावून, फरशीवर खाली बसले. माणसं पाहून राहिली होती, पण त्यायले भान नव्हतं. जेवढं उघडत होतं तेवढं तोंड उघडून तो माणूस रडला. मी त्यायच्या बाजूले बसली, त्यायचं डोकं छातीशी धरलं, आणि काचेच्या पलीकडं उभ्या असलेल्या माह्या लेकीले हात जोडले. ती आतून हातानंच विचारत होती, समजलं का? मी मान हलवली. समजलं, माय, समजलं.